तीन बोटांची खूण

बुधवार, १४ डिसेंबर १९१०. पहाटे पाच वाजता जोतीराम गवळी कोल्हापूर स्टेशनपलीकडच्या गाडीतळावर आला. खांद्यावरच्या कावडीला दोन घागरी होत्या. एक दुधानं भरलेली होती. दुसरी रिकामी होती.

तळावर चिमणाबाईनं चुली पेटवल्या होत्या. शेजारची तानाबाई परातीत ज्वारीचं पीठ चाळत होती. दोघींनी रिकाम्या घागरीकडं पाहिलं.

"सांडलं व्हय रं?" चिमणाबाईनं विचारलं.

"न्हाय आक्का. थंडीनं म्हशींनी पान्हा चोरला."

"सगळ्या म्हशींनी एकदमच चोरला?" तानाबाई म्हणाली. "आन ह्यो आंगाला पेढ्याचा वास कशाचा मारतोय गा तुझ्या? म्हशी हलवायाकडं गेलत्या व्हय?"

 जोतीरामानं भरलेली घागर उतरवून ठेवली आणि तो गेला. दत्तजयंती दोन दिवसांवर आली होती. शहरातल्या हलवायांना पेढ्यासाठी मिळेल तेवढं दूध हवं होतं आणि ते भावही चढा देत होते. त्यात नवल काही नव्हतं. पण दूध कमी पडलं तर तळावरचा त्या दिवसाचा बेत मोडत होता.

नृसिंहवाडीला जाणाऱ्या बैलगाड्या या तळावर सुटत. पश्चिमेकडच्या गावांहून निघालेली माणसं इथं बैलांना पाणी दाखवत, दोन घास खात आणि पुढं जात. यात्रेला निघालेला माणूस वाटेत परक्याच्या हातची, पाण्यात मळलेली भाकरी खात नसे. दशमी मात्र खाई. पीठ दुधात मळलं की ती दशमी, आणि दशमीला विटाळ नाही, असं सर्वजण मानत. शनिवार पेठेतल्या चिमणाबाईच्या गल्लीत एक जादा रीत होती. दशमी थापून झाली की तव्यावर टाकण्याआधी तिच्यावर तीन बोटं दाबायची. घरात भाकरी आणि दशमी एकाच दुरडीत असली तरी ओळखू यावी, एवढाच तिचा हेतू. तीन बोटं म्हणजे दूध.

त्या दिवशीची दशम्यांची विक्री इमामच्या डोळ्यांसाठी होती.

इमाम भिश्ती पेठेत सगळ्यांना ठाऊक होता. रेड्यावर कातड्याची पखाल घालून तो पाणी वाहायचा. शहरात हौदाला पाणी आल्यापासून त्याचं काम रस्त्यावर पाणी मारण्यापुरतं उरलं होतं. प्लेगाच्या साली मात्र सगळं शहर उठून माळावर झोपड्यांत गेलं, तेव्हा माळावर पाणी नव्हतं. इमाम ओढ्यावरून पखाल भरून दिवसभर खेपा घालत होता. ज्या झोपड्यांकडं सख्खे भाऊ फिरकत नव्हते त्यांच्या दारात तो घागर भरून ठेवायचा आणि आरोळी देऊन पुढं जायचा. पाणी कुणाचं, पखाल कशाची, हे त्या साली कुणी विचारलं नाही. चिमणाबाईचा नवरा त्याच माळावर गेला. त्यानं शेवटी मागितलं ते पाणी, आणि मागितलं तेव्हा घागर भरलेली होती. चिमणाबाई हे फारसं कुणाला सांगत नसे. पण इमामचा रेडा गल्लीत आला की ती हातातलं काम टाकून दारात येई.

आता इमामच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डावा डोळा जवळजवळ गेला होता. तरी तो पखाल घेऊन निघायचा, कारण रेड्याला वाट पाठ होती. मिरजेच्या दवाखान्यात थंडीच्या दिवसांत डोळे करतात, सोमवारपर्यंत आलात तर या हंगामात होईल, असा निरोप आला होता. पुढचा हंगाम म्हणजे पुढची थंडी. तोवर उजवा डोळा टिकेल असं कुणी म्हणत नव्हतं.

गल्लीनं वर्गणी काढायचं ठरवलं. इमामनं ती नाकारली.

"त्या साली म्या पाणी इकलं न्हाय," तो म्हणाला. "आता त्येचा मोबदला घ्यू व्हय?"

त्यावर तोड काढली तानाबाईनं. "आमचं घ्यू नका. वाडीच्या पावण्यांचं घ्या. त्यांस्नी काय तुमी पाणी पाजलेलं न्हाय. आमी दशम्या भाजतो, पावणं इकत घेतील. त्यांस्नी दशमी मिळंल, वर पुण्य मिळंल. तुमचं काय जातंय?"

इमाम हसला. "मग तळावर पाणी माझं," तो म्हणाला.

त्याप्रमाणं त्या पहाटे त्यानं पखाल आणून तळावरची पिंपं भरली. हात धुवायला, भांडी विसळायला, बैलांना. मग तो रेड्याच्या मागं घरी गेला. त्याची बायको चाँदबी मागं राहिली. ती चुलींना लाकडं पुरवत होती. पिठाला, दुधाला तिनं हात लावू नये असं कुणी म्हटलं नव्हतं. तीच लावत नव्हती.

सहापासून गाड्या येऊ लागल्या. दशमी आणि कारळ्याची चटणी, लसूण न घातलेली. विक्री तानाबाईकडं होती.

"घ्या पावणं, दुधातली हाय. मिरजंला एका गरिबाचं डोळं करायचं हायत. तुमी खावा, त्येला दिसू द्या."

"खाल्लं आमी आन दिसायचं त्येला? भारीच की, मावशे!"

"मग डोळं मिटून खावा, तुमचं तुमास्नी."

माणसं हसत आणि घेत. काहीजण दोन घेऊन चारांचे पैसे देत. पिवळ्या पागोट्याचा एक म्हातारा, आकाराम, साडेसाताच्या सुमारास एकटाच गाडी हाकत आला होता. त्यानं तीनदा विचारलं, "दुधातलीच न्हवं?" सात दिवसांचा नेम धरला होता, पाचवा दिवस होता, आणि या सात दिवसांत परक्याच्या पाण्यातलं अन्न त्याला वर्ज्य होतं. तानाबाईनं दशमीवरची तीन बोटं दाखवली आणि ती कशाची खूण ते सांगितलं. त्यानं दशमी कपाळाला लावली, फडक्यात बांधली आणि उचगावच्या रस्त्याला लागला.

त्याच सुमारास दूध संपलं. पीठ बरंच उरलं होतं. चिमणाबाईनं ठरवलं, उरलेलं पाण्यात मळायचं आणि साध्या भाकरी म्हणून स्टेशनवरच्या हमालांना स्वस्तात द्यायच्या. हमालांचा नेम नव्हता, त्यांना भूक होती. तिनं पिंपातलं पाणी घेतलं, पीठ मळलं आणि भाकरी थापायला लागली. भाजलेल्या भाकरी बाजूच्या दुरडीत पडत होत्या. तानाबाई पुढं गिऱ्हाइकाशी बोलत होती. मागं हात करून दुरडीतलं उचलायची आणि द्यायची.

चाँदबी लाकडं घेऊन चुलीजवळ आली आणि थांबली.

"चिमणाक्का, दूध कवाच सरलं न्हवं?"

"सरलं की."

"मग ह्यावर बोटं कशी?"

चिमणाबाईनं तव्याकडं पाहिलं. तव्यावरच्या भाकरीवर तीन बोटं होती. हातातल्या भाकरीवरही होती. पहाटेपासून हात थापत होता आणि दाबत होता. दूध संपलं तरी हाताला कुणी सांगितलं नव्हतं.

"तानाबाई," ती म्हणाली, "दुरडीतल्या दिल्यास?"

"दिल्या की. बोटं हायत त्येच्यावर."

 मग तानाबाई खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "गप ऱ्हावा. ज्यानं खाल्लं त्येला ठाव न्हाय. ज्येला ठाव हाय त्यानं खाल्लं न्हाय. मग इटाळ झाला कुणाला?"

"अगं, म्हाताऱ्यानं तीनदा इचारलं."

"त्येला दुधातली गेली आसंल."

"आसंल. आन नसली तर?"

"सांगितलंस तर आज हितं एक टवका खपायचा न्हाय. सोमवारी काय घिऊन जातील मिरजंला? बघ बाई. डोळं त्येचं जायाचं हायत, तुझं न्हाय."

हे खरं होतं. म्हणून चिमणाबाई पिठात हात तसेच ठेवून बसून राहिली. तिनं चाँदबीकडं पाहिलंही नाही. तिला विचारणं म्हणजे तिच्याच गळ्यात निर्णय बांधणं होतं.

चाँदबीनं न विचारता सांगितलं.

"सांगून टाका, आक्का."

"सोमवार, चाँदबी."

"व्हय की, सोमवार. खरं ह्यास्नी कळल्याबिगर ऱ्हाईल व्हय? दुसऱ्याच्या डोळ्यांत धूळ टाकून ह्यांचं डोळं नीट झालं, आसं कळलं तर ते मिटूनच बसतील. म्या ओळखते माझ्या मानसाला. लई आडमुठं हाय."

चिमणाबाई उठली. हात धुतले नाहीत. गाड्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिथून ओरडली.

"पावणं, ऐका! दूध सरल्यावर काही भाकरी पाण्यात मळल्या. चुकून त्येच्यावर दशमीची बोटं उठली. चूक माझ्या हाताची हाय. कुनाला कंची गेली ते सांगता येत न्हाय. पाणी इमाम भिश्त्याच्या पखालीचं हाय. ज्येला चालत न्हाय त्यानं परत करावी. पैसं माघारी मिळतील."

 तळावर गलका सुरू झाला. दोन गाड्यांनी दशम्या परत आणून दिल्या. एकानं कुत्र्यापुढं टाकली. एका बाईनं पोराच्या तोंडातला घास काढला. एक तरणा माणूस तावातावानं म्हणाला, धर्माच्या नावावर बाटवायला बसलात काय. चिमणाबाईनं त्याला पैसे दिले आणि हात जोडले. तिनं कुणाशी वाद घातला नाही.

एक घुंगराची गाडी जुंपून तयार होती. तिच्यात भोगावतीकाठच्या गावचे पाटील, हंबीरराव, दशमी खात बसले होते. ते खायचे थांबले नाहीत.

"कोण म्हणालीस? इमाम? पखालवाला? प्लेगात माळावर हुता त्यो?"

"त्योच, पाटील."

हंबीरराव गाडीतून खाली उतरले. त्या साली ते बहिणीला धान्य द्यायला आले होते आणि बंदोबस्तामुळं तिच्या झोपडीतच अडकून पडले होते.

"महिनाभर त्येचं पाणी पिलोय," ते सगळ्या तळाला ऐकू जाईल असं म्हणाले. "तवा कोण हुतं तिथं बोटं उमटवायला? आँ? आन तू रं, तरण्या! तुझा बा असंल की त्या माळावर. घरी जाऊन इचार त्येला, कंच्या नदीचं तीर्थ पीत हुतास म्हणून."

 तरण्यानं दशमी परत घेतली नाही, पण पैसे मात्र चिमणाबाईच्या परातीजवळ ठेवले आणि गाडीत जाऊन बसला. बाकी कुणी पुढं आलं नाही. हंबीररावांच्या आवाजानं लाज वाटली असेल, पण भूक वाढली नाही. दुरडीतलं सगळंच आता संशयाचं झालं होतं.

"पाटील," चिमणाबाई म्हणाली, "उचगावच्या वाटंनं एक पिवळ्या पागोट्याचा म्हातारा गेलाय. नेमाचा हाय. त्येला गाठायचं हाय."

"बस गाडीत."

"तुमचं जेवण?"

"जेवतोय की. बैल मला काय तोंडानं हाकायचं हायत?"

उचगावच्या पुढं एका आंबराईत आकारामानं गाडी सोडली होती. आंघोळ करून, ओलं धोतर फांदीवर टाकून तो खायला बसला होता. दशमी निम्मी उरली होती. चिमणाबाईनं गाडीतून उतरून जे झालं ते सांगितलं. हात अजून पिठाचे होते. ते लपवावेत की जोडावेत हे तिला सुचत नव्हतं.

आकारामानं सगळं ऐकून घेतलं. उरलेली दशमी उलटी केली, सुलटी केली. तीन बोटांवर आपली बोटं ठेवून पाहिली.

"दुधातली की पाण्यातली, सांगता येत न्हाय?"

"न्हाय बाबा."

"मग मोडलाच म्हणायचा."

"व्हय."

त्यानं दशमी खाली ठेवली आणि रस्त्याकडं पाहिलं. 

"पाच दिस गेलं," आकाराम म्हणाला. "खरं, पोरी, सांगितलंस ते बरं केलंस. न सांगतीस तर मोडका नेम घिऊन देवाम्होरं छाती काढून उभा ऱ्हायलो असतो. आता वाडीला बसून पहिल्यापासनं धरीन. देव काय पळून जातोय?"

चिमणाबाईनं कनवटीचे पैसे काढले. त्यानं हात मागं घेतला.

"ते डोळ्यांसाठी दिल्यात. भाकरीसाठी न्हाय. नाव काय म्हणालीस त्येचं?"

"इमाम."

"इमाम," त्यानं नाव घोकल्यासारखं म्हटलं. मग म्हणाला, "पाच दिसाचं काय पुण्य पडलं असंल ते त्येच्या नावावर. मोडकं हाय, खरं त्येला सांग, गोड मानून घे."

चिमणाबाई रस्त्यावरच त्याच्या पाया पडली. हंबीररावांची गाडी वाडीकडं गेली. ती चालत माघारी फिरली.

ती तळावर पोचली तेव्हा दहा वाजून गेले होते. चुली विझल्या असतील असं तिला वाटलं होतं. तळावर गर्दी होती. गर्दीच्या मधोमध एक म्हैस उभी होती.

झालेली गोष्ट पेठेत पोचली होती आणि ती जोतीरामाच्या कानावर गेली होती. त्याच्याकडं दूध उरलं नव्हतं. घरची एक म्हैस त्यानं दत्ताच्या सप्ताहातल्या त्या दिवसाच्या खिरीसाठी सकाळी पिळली नव्हती. तो तिचं दावं सोडून तिला सरळ तळावर घेऊन आला होता आणि आता तिच्या पुढ्यात पेंड टाकून, गुडघ्यांत चरवी धरून बसला होता.

"बघा पावणं," तानाबाई ओरडत होती, "म्हस तुमच्यासमोर, धार तुमच्यासमोर, पीठ तुमच्यासमोर! हितं पाण्याचा थेंब दिसला तर माझं नाक कापा!"

"मावशे, म्हस काय पाणी पीत न्हाय व्हय?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"पिती की. तिला इचार जा कुणाचं पिती!"

लोक हसले. चरवीतलं दूध थेट परातीत जात होतं. कोल्हापुरात समोर पिळलेल्या दुधाला कुणी नाव ठेवत नाही. ज्यांनी सकाळी परत केली होती त्यांतली एक गाडी अजून तळावर होती. त्यांनी पुन्हा घेतल्या. चिमणाबाई परातीसमोर बसली. त्या दिवशी तिनं एकाही दशमीवर बोट दाबलं नाही.

"चोरलेला पान्हा दिला म्हणायचा म्हशीनं," ती जोतीरामाला म्हणाली.

"आक्का, आता बास की," तो मान खाली घालून म्हणाला. "घरात खीर न्हाय, वर बायकू बोलत न्हाय."

दिवस मावळेपर्यंत मिरजेला जाणं, दोघांचं तिथं राहणं आणि औषधपाणी भागेल इतकं जमलं. म्हशीच्या दुधाचं जोतीरामानं काही घेतलं नाही. पेंडीची पाटी तेवढी परत मागितली.

इमामला सगळं चाँदबीनं सांगितलं. त्यानं पखालीला हात लावला नाही, जेवणालाही लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो चिमणाबाईच्या दारात आला.

"माझ्या पाण्यानं त्येचा नेम मोडला," तो म्हणाला. "आधी वाडीला जातो. त्येला भेटतो. मग मिरज."

"तुमच्या पाण्यानं न्हाय, माझ्या बोटांनी," चिमणाबाई म्हणाली. "आन त्यानं तुमास्नी पुण्य दिलंय. म्हणाला, मोडकं हाय, गोड मानून घ्या."

"मला?"

"नाव घिऊन सांगितलं."

इमाम उंबऱ्यावर बसला. तो काय म्हणतो याची गल्ली वाट पाहत होती. वाडीच्या यात्रेत त्या म्हाताऱ्याला शोधत बसला असता तर सोमवार हुकला असता.

"आन वाडीला गेल्यावर हजार पागोट्यांत पिवळं कंचं ते कसं कळायचं वो तुमाला?" मागून आलेली चाँदबी म्हणाली. "रेड्याला इचारणार?"

इमाम हसला आणि त्यानं डोळे पुसले. "मग आधी मिरज," तो म्हणाला. "माघारी येताना त्येला बघीन, ह्याच डोळ्यांनी."

रविवारी सगळी गल्ली स्टेशनवर गेली. गाडी हलली तेव्हा इमामनं हात जोडले. ते गल्लीकडं नव्हते, थोडे बाजूला होते. चिमणाबाई त्या बाजूला जाऊन उभी राहिली.

बुधवारी, २१ तारखेला, मिरजेला त्याच्या उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. डाव्याबद्दल डॉक्टरांनी काही सांगितलं नाही.

सोमवारी, २६ तारखेला, मिरजेहून आलेल्या एका हमालानं चाँदबीचा तोंडी निरोप आणला. इमाम उताणा पडून आहे. हलायचं नाही असा हुकूम आहे. जेवण जातं. तीन दिवसांमागं दवाखान्याच्या ओसरीवर पिवळ्या पागोट्याचा एक म्हातारा आला. वाडीचा प्रसाद घेऊन आला आणि पखालवाला इमाम कुठं आहे म्हणून दारोदार विचारत फिरला. त्याचा नेम पुरा झाला आहे. पट्टी सुटली की इमामनं आधी आपल्याला पाहावं, तोवर आपण बोलणार नाही, असं त्यानं चाँदबीला सांगितलं. तो रोज सकाळी खाटेच्या पायथ्याशी येऊन बसतो. तिथं कोणी बसलं आहे हे इमामला अजून सांगितलेलं नाही.

हमाल मिरजेहून निघाला तेव्हा पट्टी सोडलेली नव्हती.